महापालिकेच्या शाळेत चर्चतर्फे शिकवायला जायचं, तर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. वडगाव शेरीतल्या तुमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, तरुण संघातले वीसेक जण तयार आहेत. शेजारच्या महापालिकेच्या प्राथमिक शाळेत दर शनिवारी जाऊन इंग्रजी आणि थोडं मूल्यशिक्षण द्यायचं मनात आहे. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीने त्यासाठी १५,००० रुपये बाजूला काढलेत. धाकधूक एवढीच, की ‘चर्चची माणसं शाळेत कशाला?’ असं कोणी विचारलं तर काय सांगायचं. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. आमच्या मंडळीतर्फे भवानी पेठेच्या बाजूच्या एका मनपा शाळेत वाचनाचे गट चालतात आणि त्यांची जुळवाजुळव बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यावरून सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे वीस जण फार झाले. त्यातले जे आठवड्यातून दोन दिवस, शाळेच्या वेळेत, जुलै ते मार्च न चुकता येतील तेवढेच घ्या. पाच निघाले तरी पुष्कळ. मनपा शाळेतल्या मुलांना पाहुण्यांची चांगलीच सवय असते. कंपन्यांचे सीएसआरवाले येतात, कॉलेजचे एनएसएसवाले येतात, कोणी मुलाचा वाढदिवस साजरा करायला केक घेऊन येतं. फोटो निघतात, टाळ्या होतात, पुढच्या आठवड्यात कोणी दिसत नाही. त्यामुळे नवीन माणूस आला की एखादी चौथीतली मुलगी सरळ विचारते, “ताई, तुम्ही किती दिवस येणार?” या प्रश्नाला ‘मार्चपर्यंत’ असं उत्तर देता येणार असेल तरच आत पाऊल टाका.

आणि चर्चची ताकद नेमकी इथेच आहे. आपण काही शिक्षणतज्ज्ञ नाही, आपल्याकडे पैसाही बेताचाच. पण दर रविवारी तीच माणसं त्याच बाकांवर भेटतात. कोणाला ताप आला, कोणाकडे पाहुणे आले, तर उपासना संपल्यावर आवारातच बदली माणूस ठरतो. कंपनीला असं जमत नाही, तिथे माणूस बदलून गेला की उपक्रम बंद पडतो. एकाच वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी, एकमेकांना ओळखणारी माणसं हे मंडळीचं भांडवल. ते वापरायचं असेल तर काम छोटं आणि नियमित हवं. मोठा कार्यक्रम करायला गेलात की हेच भांडवल वाया जातं.

आता तरुण संघाला राग येईल असं बोलते. या कामाला सगळ्यात चांगली माणसं महिला मंडळात सापडतात. खराडी-मगरपट्ट्यात नोकरी करणाऱ्या मुलांना शनिवारच मोकळा असतो आणि शनिवारी शाळा अर्धा दिवस, त्यात कवायत, साफसफाई, कधी लवकर सुट्टी. शिवाय साठीच्या आसपासच्या आपल्या मराठी ख्रिस्ती बायकांना एक गोष्ट फार छान येते: मोठ्याने वाचणं. आयुष्यभर घरात आणि देवळात, म्हणजे चर्चमध्ये, शास्त्रपाठ (बायबलमधले उतारे) वाचलेले असतात. कुठे थांबायचं, कुठल्या शब्दावर जोर द्यायचा, मागच्या बाकापर्यंत आवाज कसा पोचवायचा, हे त्यांना शिकवावं लागत नाही. उलट कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली आपली पोरं मराठी फाडफाड बोलतात, पण छापील मराठी वाचताना अडखळतात. त्यांना गणिताला लावा, साहित्य तयार करायला लावा, नोंदी ठेवायला लावा. कामं भरपूर आहेत.

परवानगीचं सांगते. पुस्तकांची पिशवी घेऊन थेट शाळेत जाऊ नका. आधी दोघांनीच मुख्याध्यापकांना भेटा, तेही शाळा सुटायच्या सुमाराला. भर शाळेत त्यांच्या टेबलावर पोषण आहाराची नोंद, यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, आधार न जुळणाऱ्या मुलांची यादी, बीएलओच्या (मतदारयादीच्या) कामावर गेलेल्या शिक्षकाच्या वर्गाची सोय, सगळं एकदम पडलेलं असतं. बोलणं झालं की लेखी अर्ज द्या. त्यात काम मोजक्या शब्दांत लिहा: तिसरी-चौथीतल्या, अजून वाचता न येणाऱ्या मुलांसाठी मराठी वाचनाचा गट, आठवड्यातून दोनदा, चाळीस मिनिटं, वर्गशिक्षकांच्या नजरेसमोर. सोबत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि ओळखपत्राची प्रत जोडा. नियमित येणाऱ्या बाहेरच्या माणसांसाठी मुख्याध्यापक सहसा महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण विभागाकडून लेखी होकार मागतात, आणि ते बरोबरच आहे. कागद फिरायला वेळ लागतो. पाठपुरावा करा, पण ओळखीपाळखीने नगरसेवकाकडून फोन करवू नका. काम होतं, पण मुख्याध्यापकांच्या मनात कायमची अढी बसते.

अर्जाइतकीच महत्त्वाची शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याने ही समिती प्रत्येक सरकारी आणि मनपा शाळेत असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. तिच्या बैठकीत दहा मिनिटं मागून घ्या आणि स्वतःची ओळख करून द्या. तुम्हाला ज्या प्रश्नाची भीती वाटते तो तिथेच येऊ द्या. आमच्या बैठकीत एका रिक्षावाल्या बापाने विचारलं होतं, “मॅडम, पोरांना येशूचं काही शिकवणार का?” मी म्हटलं, “नाही. बालभारतीचं पुस्तक वाचायला शिकवणार. तुम्ही कधीही, न सांगता वर्गात येऊन बसा.” दोन-तीनदा आलाही तो. तिसऱ्यांदा आला तेव्हा पोराचं दप्तर द्यायला आला होता, आत डोकावलादेखील नाही.

या बाबतीत कायदा स्पष्ट आहे आणि तो आपल्या सोयीचाही आहे. संविधानाच्या अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. म्हणून प्रार्थना नको, धर्मप्रचाराच्या पत्रिका नकोत, बायबलातल्या गोष्टी नकोत, ‘मूल्यशिक्षणा’च्या नावाखाली तर मुळीच नकोत. तो शब्द अर्जातून काढूनच टाका. त्यातून पालकांना नको ते ऐकू येतं आणि मुलांना त्याची गरजही नाही. शाळेचा परिपाठ चालू असेल तेव्हा बाकीच्यांबरोबर शांत उभं राहायचं, पसायदानाला हात जोडायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण बाजूला जाऊन मोबाइल बघत बसायचं नाही. मुलांनी विचारलं, “ताई, तुम्ही ख्रिश्चन आहात का?” तर “हो” म्हणायचं आणि पुढचं पान उलटायचं. लपवलंत तर संशय वाढतो, समजावत बसलात तरी वाढतो.

नाताळच्या भेटवस्तूंचाही मोह आवरा. डिसेंबरात शाळेत जाऊन लाल टोप्या आणि खाऊ वाटला की वर्षभराच्या कामाचा अर्थ एका दिवसात बदलतो. वस्तीतली मुलं गव्हाणीचा देखावा बघायला आपणहून आईचा हात धरून चर्चच्या आवारात येतातच. येऊ देत. शाळेतून आमंत्रण नको.

तरी कोणीतरी बोलणारच, तेवढं मनाशी धरून चाला. हे पुणं आहे. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक आणि रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा खटला, झालं होतं, प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. पण त्याच शहरात जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे नगरला अमेरिकन मिशनच्या मिस फॅरारबाईंकडे घेतले होते. दोन्ही आठवणी या शहरात आहेत. कुठली वर येईल ते आपल्या वागण्यावर थोडंफार अवलंबून असतं. थोडंफारच. पूर्ण आपल्या हातात काहीच नसतं.

मुलांच्या सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र मी फार कडक आहे. ‘आपलीच माणसं आहेत’ हे वाक्य मी ऐकून घेत नाही. प्रत्येक स्वयंसेवकाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, पाळकसाहेबांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) मुलाचीही. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले, त्या प्रकरणानंतर शाळा याबाबत जास्त सावध झाल्या आहेत, आणि शाळेने मागायच्या आधी आपण कागद पुढे ठेवला तर अर्धं काम होतं. गट बसवायचा तो वर्गात, व्हरांड्यात किंवा दार उघडं असलेल्या खोलीत. एका मुलाबरोबर एकट्याने कुठेही थांबायचं नाही. मुलाला मांडीवर घेणं, गालगुच्चा घेणं, घरी सोडणं, पालकांना परस्पर फोन करणं, हे सगळं बंद. आपल्या मोबाइलवर मुलांचे फोटो नाहीत, मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीतच. वार्षिक अहवालाला फोटो लागतो म्हणतात. भिंतीवरच्या तक्त्याचा काढा.

मारणं कायद्याने बंद आहेच, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७. त्यात मानसिक छळही येतो, म्हणजे ‘एवढंही येत नाही का?’ हेसुद्धा. आणि एखाद्या मुलाने किंवा मुलीने अंगाला हात लावण्यासारखं काही सांगितलं, तर ऐकून घेऊन गप्प बसायची मुभा कोणालाच नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. खोदून खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगायचं. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक सगळ्यांना पाठ हवा. मुख्याध्यापकांनी ‘बघू’ म्हटलं तर आपली जबाबदारी तिथे संपत नाही.

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे येऊ. इंग्रजीचा आग्रह मला कळतो, पालकही तेच मागतात. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आहे. पण चौथीतल्या ज्या मुलाला मराठी परिच्छेद वाचता येत नाही, त्याला ‘ॲपल म्हणजे सफरचंद’ घोकवून काय होणार? आधी वाचन. ते आलं की इतिहास, परिसर अभ्यास, गणितातली शाब्दिक उदाहरणं, सगळ्यांची दारं उघडतात.

कोण वाचतं आणि कोण वाचत नाही हे वर्गात नुसतं बसून कळत नाही. पुस्तक उघडून पोरगा धडा खणखणीत म्हणून दाखवतो, आपण खूश. मग मी पानावर तळहात ठेवते, मधला एकच शब्द उघडा सोडते आणि विचारते, हा काय? पोरगा वरच्या ओळीपासून पुटपुटत येतो, कारण पान त्याला पाठ आहे. किंवा ‘कमळ’ हा शब्द दाखवला की म्हणतो, “क कमळाचा, म मगरीचा, ळ बाळाचा.” आणि थांबतो. तिन्ही अक्षरं बरोबर ओळखली, तरी शब्द हाती लागला नाही. प्रत्येक अक्षराला एकेक वस्तू चिकटून बसली आहे आणि तीन वस्तूंमधून एक शब्द कसा तयार होणार ते त्याला कळत नाही. त्याला ‘क’ चा नुसता आवाज काढायला लावायचा, मग ‘म’ चा, मग दोन्ही पटकन एकापाठोपाठ. “कम... कमळ!” हे ज्या दिवशी होतं त्या दिवशी तो वर्गातला दिसेल तो फलक वाचत सुटतो, अगदी पंख्यावरचं कंपनीचं नावसुद्धा.

म्हणून सुरुवातीला प्रत्येक मुलाची पातळी बघा. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या सर्वेक्षणात वापरतात तोच साधा कागद पुरतो: काही अक्षरं, काही शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. एका मुलाला तीन-चार मिनिटं लागतात. अक्षराशी अडलेली मुलं एका गटात, शब्दाशी अडलेली दुसऱ्या, इयत्ता कुठलीही असो. एका गटात चार-पाच, जास्त नकोत. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ मोहिमेत तिसरी संपेपर्यंत समजून वाचता यावं असं उद्दिष्ट २०२१ पासून आहेच, त्यामुळे आपलं काम शाळेच्या कामाच्या आड येत नाही. वर्गशिक्षकांना त्यांच्या नोंदीत आपल्या नोंदीचा उपयोगच होतो.

अक्षराच्या गटाला क, ख, ग, घ अशा ओळीने नेऊ नका. म, क, ब, र, ल, न, घ आणि काना एवढंच घ्या. यातून पहिल्याच आठवड्यात मका, कान, नाक, बाक, घर, मला, काम, बाबा असे शब्द तयार होतात. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर अक्षरं लिहून कापा, फरशीवर पसरा, मुलांना शब्द लावू द्या. वेलांटी-उकार नंतर, मात्रा त्यानंतर, जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. दर वेळी शेवटची दहा मिनिटं तुम्ही गोष्ट वाचायची, बोट ओळीखालून सरकवत, घाई न करता. स्टोरीवीवर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, छापून घेतल्या की झालं.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. पानावर लिहिलंय ‘एक राजा होता’ आणि पोरगी वाचते ‘येक राजा व्हता.’ हे चूक नाही. तिने शब्द ओळखला, अर्थ लावला आणि आपल्या घरच्या बोलीत म्हटला. वाचन याहून वेगळं काय असतं? तिथे टोकलंत तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही. आमच्या गटांत मराठवाड्यातून आलेली, वडारी किंवा लमाणी बोलणारी, कलबुर्गी-यादगीरकडची कन्नड बोलणारी, हिंदी बोलणारी, अशी सगळी मुलं असतात. बांधकामाच्या साइटवरची मुलं तर साइट संपली की जातात, बरेचदा न सांगता. म्हणून प्रत्येक मुलाचं एक कार्ड ठेवा: कुठल्या पातळीवर होतं, काय वाचलं. पुढच्या शाळेत त्याच्याबरोबर ते जाईलच असं नाही, पण सुट्टीनंतर परत आलं तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

गणिताबद्दल थोडंच. मुलाने ‘सत्तेचाळीस’ ऐकून ७४ लिहिलं तर तो मठ्ठ नाही, त्याने कानावर आलं त्या क्रमाने लिहिलं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘चाळीस सात’ अशी वाचनाची रीतही दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. माझ्या मते ते पुस्तक करणाऱ्या मंगला नारळीकरांच्या समितीचं म्हणणं वर्गात बसून पाहिलं की पटतं. आणि ५२ वजा २७ चं उत्तर ३५ आलं, तर पुन्हा पुन्हा तेच गणित घालण्याऐवजी आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे द्या आणि एक गठ्ठा सुटा करायला लावा.

शिक्षकांशी संबंध कसे राहतात यावर उपक्रमाचं आयुष्य ठरतं. त्यांच्या डोक्यावर किती अशैक्षणिक कामं असतात ते आठवडाभरात दिसेलच. म्हणूनच एक दिवस तुम्हाला सांगितलं जाईल, “मॅडम, जरा अख्खा वर्ग बघता का, मला ऑनलाइन माहिती भरायची आहे.” नम्रपणे नाही म्हणा. एकदा हो म्हटलंत की महिन्याभरात तुम्ही फुकटचे बदली शिक्षक होता आणि ज्या पाच मुलांसाठी आलात ती मागे पडतात. दुसरीकडे, शिक्षकांच्या शिकवण्याबद्दल स्टाफरूममध्ये, मंडळीत, घरी, कुठेही शेरेबाजी करायची नाही. वस्ती लहान असते, बोललेलं पोचतं.

वेळापत्रक असं धरा. जूनमध्ये जाऊ नका: प्रवेश, पुस्तकवाटप, त्यात पालख्या आल्या की कितीतरी शाळांमध्ये वारकऱ्यांचा मुक्काम. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करा. गणपतीत आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात मुलं कमी येतात, तरी तुम्ही जा. २६ जानेवारी आणि स्नेहसंमेलनाच्या आसपास सराव चालू असतो, तेव्हा जागा मागू नका. मार्चमध्ये पुन्हा तोच पातळीचा कागद घेऊन बसा.

राहिले तुमचे १५,००० रुपये. वह्या-दप्तरांवर घालवू नका. पाठ्यपुस्तकं मोफत मिळतातच, बाकीच्या वस्तू देणारे पुष्कळ असतात आणि वाटप म्हटलं की फोटो आलेच. थोडे पैसे गोष्टींच्या छपाईला, पाट्या-खडूंना आणि एका बंद होणाऱ्या पेटीला. थोडे महिला मंडळातल्या बायकांच्या रिक्षाभाड्याला. ते मागायला त्या संकोचतात, म्हणून खजिनदाराने आपणहून महिन्याच्या पहिल्या रविवारी हातात द्यावेत. उरलेल्यांना दिवाळीपर्यंत हात लावू नका. तोवर मुख्याध्यापक स्वतःच सांगतील, व्हरांड्यात बसायला दोन सतरंज्या हव्यात की एका मुलीला चष्मा.